धुरांड्यामागचा बूट

त्या घरात सरळ अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझे बाबा. बाकी सगळं तिरकं. आणि चौकटींना डोकं आपटून आपटून वर्षभरात तेही इतके वाकले, की पुण्याहून आलेल्या काकांनी त्यांना स्टेशनवर ओळखलंच नाही. आई लाडू वळायला बसली आणि एखादा हातातून निसटला, तर तो स्वयंपाकघरातून निघायचा, बोळाला लागायचा, न्हाणीघराच्या दाराशी क्षणभर थांबायचा आणि परत यायचा. परत यायचा हे मी वाढवून सांगतेय. बाकी सगळं खरं. बाबांनी हौसेनं एक लेव्हल आणली होती, ती ज्यात पाण्याचा बुडबुडा असतो ती. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, बुडबुडा एका टोकाला जो जाऊन बसला तो कायमचाच. शेवटी त्यांनी लेव्हल कपाटात ठेवली आणि म्हणाले, घर बरोबर आहे, यंत्र बिघडलंय.

घर म्हणजे एका गास्टहाउसचा वरचा मजला. बाबांची नोकरी जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला, आणि तिथे फ्लॅटसाठी अर्ज करणाऱ्यांची रांग एवढी, की नंबर लागेपर्यंत माझं लग्न होऊन गेलं असतं. म्हणून आठ किलोमीटरवरचं हे गाव आणि गावातली ही एकुलती एक खाणावळ. खालचा मजला पिवळट दगडाचा, दोन हात जाड भिंतींचा. त्यावर वरचा मजला म्हणजे ओकच्या लाकडांचा पिंजरा: उभे खांब, आडव्या तुळया, तिरके टेकू, सगळे काळेकुट्ट, आणि मधल्या चौकोनांत गवत कालवलेली माती थापून वर चुना. हा वरचा मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेला होता. जर्मन लोक सांगतात की तेव्हा बांधायची तशीच पद्धत होती. मला मात्र ते घर रस्त्यावरचं बोलणं ऐकायला वाकल्यासारखं वाटायचं. प्रत्येक लाकडावर सुतारानं पटाशीनं खुणा केलेल्या होत्या, एक रेघ, दोन रेघा, तीन, कारण सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, मग सुटा करून वर चढवायचा. माझ्या खोलीतल्या खांबांवरच्या खुणा मी मोजल्या. सहा होता, आठ होता. सातवा मला आजतागायत सापडलेला नाही.

खाली दारू प्यायची आणि जेवायची मोठी खोली, तिला श्टूबे म्हणतात. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत लाकडी फळ्या, इतक्या धुरकटलेल्या की हात लावला तर मधासारख्या चिकट. कोपऱ्यात हिरव्या टाइल्सची भट्टी, देवळातल्या गाभाऱ्याएवढी, आणि तिला वळसा घालून भिंतीला धरून बाक. भट्टीच्या बरोबर वर, म्हणजे आमच्या बैठकीच्या जमिनीत, हातभर लांबीरुंदीचा एक झरोका होता. त्याला लोखंडी जाळी. खालची ऊब वर यावी म्हणून जुन्या लोकांनी केलेली सोय. ऊब यायचीच, पण तिच्यासोबत बिअरचा वास, भाजलेल्या डुकराचा वास, पत्त्यांची आदळआपट आणि गावातल्या सगळ्या भानगडीही यायच्या. आमच्याकडून खाली हिंगाची फोडणी जायची. दोन्ही सैन्यं जाळीत भिडायची. एकदा शोर्श नावाच्या रोजच्या गिऱ्हाइकानं खालून विचारलं, वर काही मेलंय का? आईनं मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, ते म्हणतायत वास छान येतोय. दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट हिंग घातला.

आता कळलं असेल, घरात जर्मन कुणाला येत होतं. बाबा ऑफिसात इंग्रजीवर भागवायचे, आई 'या' म्हणजे हो आणि 'डांके' म्हणजे धन्यवाद, एवढ्या दोन शब्दांवर, आणि मी सोळा वर्षांची, शाळेत पडले आणि पोहायला शिकले. सगळ्या घराचं तोंड मी होते. एवढी सत्ता त्या वयात कुणाच्या हातात देऊ नये.

खाणावळीची मालकीण फ्राउ बेत्स. पंच्याहत्तरी ओलांडलेली, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. तिची उंची बरोबर चौकटीएवढी, जणू सुतारानं तिला उभी करूनच माप घेतलं होतं. गावात म्हणायचे की ती जन्मात एकही रात्र या घराबाहेर झोपलेली नाही. लग्न झालं तेव्हासुद्धा नवरा इकडे आला.

सोमवार हा रूहेटाग, खाणावळ बंद. भट्टी विझवलेली, श्टूबेला कुलूप, खिडक्यांची लाकडी झापं ओढलेली, किल्ली फ्राउ बेत्सच्या एप्रनच्या खिशात आणि ती मागच्या तिच्या खोलीत. आम्ही राहायला आलो त्या शरदात दर सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला, बाहेर धुकं खिडकीला नाक लावून बसलेलं असताना, जाळीतून आवाज यायचा. ठप. मग काही नाही. मग पुन्हा ठप. लंगडी घातल्यासारखा. भट्टीपासून सुरू व्हायचा, बाकाच्या कडेकडेनं खिडकीपर्यंत जायचा, तिथे जरा दम घ्यायचा आणि परत फिरायचा. बाबा म्हणाले, लाकूड आहे सुमे, थंड झालं की आकसतं. मी विचारलं, आकसलेलं लाकूड खिडकीपर्यंत जाऊन परत येतं का? यावर बाबा लॅपटॉपमध्ये गेले. आई स्तोत्र म्हणायला लागली, अशा वरच्या पट्टीत की सगळ्या गावाला ऐकू जावं आणि तिला खालचं काही ऐकू येऊ नये.

आणि मी? मी जाळीला कान लावून पालथी पडायचे. अंगावर काटा यायचा, इतका की त्यावर खोबरं किसता आलं असतं. पण सोमवार चुकवला नाही.

मग दिवाळी आली आणि आईला देव्हारा मांडायची सुरसुरी आली. तोवर आमचे देव दुकानातून आणलेल्या पुस्तकांच्या फडताळावर उघड्यावर होते, आणि देवांना सर्दी होईल अशी ती थंडी. आईला धुरांड्याला लागून एक कोनाडा सापडला. खालच्या भट्टीमुळे उबदार, पूर्वेला तोंड, लाकडाची सुबक चौकट. शनिवारी सकाळी ती तो पुसायला बसली. मागची फळी हलत होती. तिनं ती काढली, आत हात घातला, आणि गवताच्या काड्या, काजळी, उंदराच्या लेंड्या यांच्यामागोमाग बाहेर आला एक बूट.

लहान मुलाचा. दोन-तीन वर्षांच्या. एकच. चामडं आमसुलासारखं काळं पडून आक्रसलेलं, टोक वर वळलेलं, नाडीच्या जागी सुतळीचा तुकडा. टाचेची एक बाजू झिजलेली, म्हणजे मूल पाय जरा फाकवून चालत असणार. एवढ्याशा वस्तूकडे पाहताना चालणारं मूल दिसावं, हे मला अजिबात आवडलं नाही. आईला दुसरंच दिसलं. आपल्या गणपतीच्या, अन्नपूर्णेच्या, बाळकृष्णाच्या बरोबर पाठीशी पायताण. ती आंघोळ करून बसली होती, म्हणून तिनं तो सांडशीत धरला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "घराबाहेर. आत्ता. आणि हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस." मी चर्चजवळच्या, जुने कपडे-बूट दान करायच्या लोखंडी कंटेनरमध्ये तो टाकून आले. संध्याकाळी कोनाड्यात देव बसले, दिवा लागला, आईनं शिरा केला. घर पहिल्यांदा आपलं वाटलं.

सोमवारी तीन वाजले. आवाज आला नाही.

बाबा म्हणाले, हवेतला दमटपणा बदलला. आई म्हणाली, दिव्याचा प्रताप. मी जाळीशी पालथी पडून होते. खरं सांगते, आणि मी हे वाक्य फार वेळा वापरत नाही, तो आवाज जितका भीतिदायक नव्हता तितकं त्याचं नसणं होतं. आवाज असताना खाली काहीतरी आपल्या कामात होतं. आता खाली काहीतरी थांबलं होतं. कुणी थांबतं ते कशासाठी तरी थांबतं. त्या अंधाऱ्या जाळीतून शांतता वर बघत होती.

त्या आठवड्यात घर बिघडलं. न्हाणीघराचं दार, जे कधीच पूर्ण लागायचं नाही, ते आपणहून लागायला लागलं. भट्टीचा धूर धुरांडं सोडून श्टूबेत यायला लागला. दुपारी जेवायला येणारी माणसं बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि कॉफी न घेता उठायची. शोर्श म्हणाला, बिअर नेहमीसारखीच आहे, पण तो अंगातला कोट काढेना. पुढचा सोमवारही तसाच मुका गेला, आणि बुधवारी दुपारी, खालची जेवणं आटोपल्यावर, फ्राउ बेत्स जिना चढून वर आली. ती कधी वर यायची नाही. दारात उभी राहून धापा टाकत तिनं विचारलं, आल्झो, तुम्ही घरात काही हलवलंत का? खाली फार शांत झालंय.

मी आईला सांगितलं. आईला वाटलं, देव्हाऱ्याची चौकशी आहे. ती खूश होऊन तिला कोनाड्याशी घेऊन गेली. फ्राउ बेत्सनं देवांकडे पाहिलं, मान लववली, मला म्हणाली की तुझ्या आईला विचार, हात घालू का? आई म्हणाली, घाला की. गणपतीला धक्का लागणार नाही अशा बेतानं तिनं फळी सरकवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बराच वेळ तिथेच राहिला. मग ती मागे आली आणि आमच्या खाटेवर बसली. बोटं काजळीनं काळी झाली होती, ती तिनं पुसली नाहीत.

तिनं सांगितलं आणि मी वाक्यावाक्यानं आईला मराठीत देत गेले. असल्या जुन्या घरांत धुरांड्याजवळ वापरलेला बूट भिंतीत ठेवायची चाल आहे. धुरांड्यातून जे काही वाईट उतरेल ते बुटात शिरतं आणि अडकतं. लोक बाहेरचं आत येऊ नये म्हणून ठेवतात. तिच्या बापानं आतलं बाहेर जाऊ नये म्हणून ठेवला. तिचा धाकटा भाऊ, हान्स, तीन वर्षांचा, घटसर्पानं गेला. जाण्याआधी चार दिवस एक पाय मुरगळून सुजला होता तेव्हा तो खाली बाकाच्या कडेनं लंगडी घालत फिरायचा आणि हसायचा. पुरताना एक बूट त्याच्या पायात घातला. दुसरा बापानं इथे ठेवला आणि तिला, सहा वर्षांच्या पोरीला, म्हणाला, तू घरात आहेस तोवर हा आहे.

आईचा चेहरा मी बघत होते. ती एकेक वाक्यासरशी खचत गेली. शेवटी म्हणाली, "सांग त्यांना. मी टाकला. मला ठाऊक नव्हतं, पण हात माझा होता. माफी माग. एक शब्द गाळू नकोस."

मी फ्राउ बेत्सकडे वळले. ती काळी बोटं. आणि तोंडातून आलं, "आई म्हणते, तिनं तो नीट ठेवलाय. देवाच्या जागी काही सापडलं तर आमच्यात त्याची पूजा करतात. येत्या सोमवारी तुमच्या हातात देईल."

फ्राउ बेत्सनं डोळे मिटले आणि आईचा हात धरला. आईनं मला विचारलं, "काय म्हणाल्या गं?" मी म्हटलं, "म्हणाल्या, जाऊ दे." आईला रडू कोसळलं. दोघी एकमेकींचे हात धरून रडत बसल्या, एक मिळालं म्हणून आणि एक सुटले म्हणून. आणि मधोमध मी, जर्मनीतल्या कुठल्याही तुळईपेक्षा जास्त वजन डोक्यावर घेऊन. पुढच्या आयुष्यात मी हजारो थापा मारल्या, त्यांतल्या काही कलाकृती आहेत. पण मारल्याबरोबर जिचा वास आला अशी ही एकच.

मी कंटेनरकडे धावले. त्याची झडप अशी असते की दिलेलं आत जातं आणि हात बाहेरच राहतो. खांद्यापर्यंत घुसवला, दंड सोलला. त्यावर लिहिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसानं सज्जनपणे सांगितलं की तो मागच्या शुक्रवारी रिकामा झाला, माल वेगळा करून पुढे गेलासुद्धा, आणि एक बूट शोधायचा म्हणजे, नाही, बाई, नाही.

उरले पाच दिवस. आईच्या मोठ्या बॅगेच्या तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, माझा पहिला बूट होता. लक्ष्मी रोडवर घेतलेला, लाल, वाढदिवसाचा. जोडीतला एक मी म्हणे बसमधून फेकला होता. मी तो चोरला. चहात भिजवला, भट्टीच्या पाइपातली काजळी चोळली, दगडानं ठेचला, ओव्हनमध्ये वाळवला, टाचेची एक बाजू कानशीनं झिजवली. रविवारपर्यंत तो असा झाला की मलाच त्याच्याकडे पाठ करून झोपवेना.

सोमवारी तीनला फ्राउ बेत्स आली. चर्चचा काळा पोशाख, केस चापून बसवलेले. आईला मी सांगितलं होतं की त्या दर्शनाला येतायत. तिनं पाट मांडला होता, हळदकुंकू काढलं होतं. मी बूट ताटलीत ठेवून आणला.

आईनं एकदाच पाहिलं. आईला लागतो तेवढाच वेळ. पण ती काही म्हणायच्या आत फ्राउ बेत्सनं तो उचलला, पालथा केला, आत बोट घातलं आणि फिरवलं. काजळी निघाली. तळव्यावर दुकानाचं नाव होतं, सोनेरी, देवनागरीत. बाहेरून मी शंभर वर्षं चढवली होती, आतून पुसायचं सुचलं नव्हतं. तिनं त्या अक्षरांकडे पाहिलं, मग समईजवळ उघड्या पडलेल्या आईच्या पोथीकडे.

"हा कुणाचा?" तिनं मला विचारलं.

"माझा."

"सुमे," आई म्हणाली, आवाज अगदी खाली, "त्या दिवशी तू यांना काय सांगितलं होतंस?"

मग सांगितलं. आधी जर्मनमध्ये, मग मराठीत, जे एकीला सांगितलं ते तसंच दुसरीला. कोण, कधी, कुठे, कसं. काही गाळलं नाही, आणि तुम्हाला सांगताना इतका वेळ गाळलेलं तेही सांगितलं: कंटेनरवर चित्र होतं की बूट सुटे टाकू नका, जोडीनं बांधून टाका. मी या देशात नवी होते, नियमांना भयंकर भ्यायचे. म्हणून मी माझा शाळेचा, आखूड झालेला एक कॅनव्हासचा बूट घेतला आणि त्याच्या नाडीनं दोन्ही एकत्र बांधून टाकले.

फ्राउ बेत्सनं बूट ताटलीत ठेवला. समईतलं तेल चर्रर करून गेलं.

"गाठ घट्ट होती?"

"दोन गाठी मारल्या होत्या."

"गेनाऊ, बरोबर," ती पुटपुटली. "म्हणजे एकटा नाही गेला."

आईनं तो लाल-काळा बूट हातात घेतला, ओढणीनं पुसला आणि म्हणाली, "त्यांना सांग, हा ठेवा म्हणावं भिंतीत. माझ्या लेकीचा आहे." मी सांगितलं. फ्राउ बेत्सनं तो आईच्या हाताकडे परत ढकलला. जिवंत मुलाचा ठेवत नाहीत, ती म्हणाली, मग ते मूल घर सोडून जात नाही. हे मराठीत पोचलं आणि बूट आईच्या ओढणीत असा गडप झाला की नंतर तो मला कधीच दिसला नाही.

दाराशी जाऊन फ्राउ बेत्स थांबली. मला वाटलं, आता घर सोडायला सांगेल. बाबांना पुन्हा त्या रांगेत उभं राहावं लागणार, आईचे देव पुन्हा फडताळावर जाणार, सगळं माझ्या जिभेमुळे.

"खाली फार शांत आहे," ती म्हणाली. "सत्तर वर्षांत मला त्या खोलीत एकटं बसायची सवय नाही. आणि तू खोटं छान बोलतेस. दर सोमवारी, तीन वाजता, श्टूबेत यायचं आणि बोलायचं. काहीही. मी ऐकेन."

आईनं विचारलं, काय म्हणाल्या? मी शब्दाला शब्द सांगितलं. आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की ती अजून खाली पडलेली नाही, मग म्हणाली, "मग जा. वाट बघतायत त्या."

त्या दिवशी मी तिला पुण्यातला आमच्या सोसायटीतला एक कुत्रा सांगितला, जो लिफ्टनं ये-जा करायचा. पुढच्या सोमवारी त्याला बटणं वाचता येत होती. गोष्ट आखडती घेतली तर फ्राउ बेत्स बाकावर बोट वाजवायची. मी बॉनला शिकायला गेले तेव्हाही रविवारी रेल्वेनं परत यायचे आणि मंगळवारी पुन्हा जायचे, आणि प्राध्यापकांना त्याचं कारण दरवेळी वेगळं सांगायचे. माझा बूट काही भिंतीत नव्हता, तरी मी घर सोडून गेले नाही. फ्राउ बेत्स गेली तेव्हा खाणावळ मी चालवायला घेतली, आणि आता माझेच गुडघे त्या जिन्यापेक्षा मोठ्यानं वाजतात.

सोमवारी आजही श्टूबे बंद असते. भट्टी विझवलेली, झापं ओढलेली. तीन वाजता मी आत जाते, कडी लावते आणि मोठ्यानं बोलायला बसते. गावाला ठाऊक आहे, रस्त्यावरून जाणारे आवाज कमी करतात. तासाभरानं गोष्ट संपवून उठले की जाता जाता मी बाकावरच्या उशा हातानं सारख्या करते. बाकी सगळ्या बर्फासारख्या गार असतात. भट्टीच्या कोपऱ्यातली एक तेवढी उबदार असते. कधी कधी, गोष्ट चांगली जमली असेल तर, दोन.